शिवस्मारके, कोल्हापूर परिसरातील

छत्रपती शिवाजी महाराज (१९ फेब्रुवारी १६३०–३ एप्रिल १६८०, कार. १६७४–८०) यांच्या स्मरणार्थ कोल्हापूर शहरात, पन्हाळा–विशाळगडाच्या टापूत आणि पूर्वी कोल्हापूरच्या छत्रपतींच्या सत्तेखाली असलेल्या मालवण किनाऱ्यावर निर्माण झालेली मंदिरे, पुतळे, समाध्या व संस्था. महाराष्ट्रात शिवस्मारके नाहीत असे गाव आज क्वचितच आढळेल. तथापि कोल्हापूरचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, याची कारणे दोन. एक म्हणजे शिवाजी महाराजांची गादी ज्या दोन शाखांत विभागली गेली, त्यांपैकी सातारा येथील राज्य १८४८ मध्ये खालसा झाले व कोल्हापूरचे संस्थान १९४९ पर्यंत टिकले. त्यामुळे मूळ पुरुषाचे स्मरण हे येथे वंशजांचे कुलकृत्य होते आणि राज्याच्या वैधतेचा आधारही. दुसरे म्हणजे राजवाड्याबाहेरील लोकांनीही हे स्मरण आपल्या हाती घेतले आणि प्रसंगी ते राजसत्तेच्या व तिच्या पाठीशी असलेल्या ब्रिटिश सत्तेच्या इच्छेची वाट न पाहता उभे केले.

मृत राजाच्या स्मरणाची मराठ्यांची जुनी रीत पुतळ्याची नव्हती. दहनाच्या जागी वृंदावन, समाधी अथवा छत्री बांधावयाची, तेथे पादुका किंवा लिंग स्थापून पूजेसाठी नेमणूक करून द्यावयाची, एवढीच ती होती. रायगडावरील महाराजांची समाधी याच प्रकारातील आहे. या रीतीला लवकरच जो एक अपवाद घडला, तो मालवणजवळच्या सिंधुदुर्ग किल्ल्यातील श्री शिवराजेश्वराचे मंदिर होय. हे मंदिर छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत १६९५ मध्ये बांधले गेले, असे मानतात. राजाराम महाराज त्या वेळी जिंजीच्या किल्ल्यात मोगलांच्या वेढ्यात होते. तेव्हा आज्ञा त्यांची असली, तरी प्रत्यक्ष काम किल्ल्यावरील अधिकाऱ्यांनीच करविले असले पाहिजे. महाराजांच्या निधनास जेमतेम पंधरा वर्षे झाली होती आणि त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे किल्ल्यावर व बंदरात हयात होती, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. मंदिरातील मूर्ती बैठी असून डोक्यावर दर्यावर्दी लोक घालीत तशी टोपी आहे. घोडा नाही, उगारलेली तलवार नाही. चित्रांतून व चित्रपटांतून ओळखीच्या झालेल्या शिवाजी महाराजांच्या रूपाशी ती जुळत नाही, म्हणून पहिल्यांदा पाहणारा थोडा बुचकळ्यात पडतो. किनाऱ्यावरील लोकांनी आपला राजा आपल्या वेषात पाहिला, एवढाच त्याचा अर्थ. किल्ल्यात चुन्यात उमटविलेले हाताचे व पायाचे ठसे दाखवितात आणि ते महाराजांचेच असल्याची परंपरा आहे.

सिंधुदुर्ग पुढे कोल्हापूरकरांकडे आला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकून त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. परंतु वर्षभरातच तो परत करावा लागला आणि नावही विरून गेले. १८१२ च्या तहाने मालवण व सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या हातून कायमचे गेले. किल्ला गेला तरी मंदिराची पूजाअर्चा मात्र सुटली नाही. कोल्हापूर दरबाराकडून तिच्यासाठी खर्च पोचत राहिला. परक्याच्या ताब्यातील किल्ल्यात आपल्या पूर्वजाची पूजा चालू ठेवणे हा व्यवहार वरवर पाहता किरकोळ देवस्थानी खर्चाचा. परंतु एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या गादीची सत्ता पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली आकुंचित होत असता तिच्या हाती उरलेल्या मोजक्या राजचिन्हांपैकी ते एक होते.

राजघराण्यातील व्यक्तीच्या स्मारकास पाश्चात्त्य वळण कसे लागले, याचे पहिले उदाहरण मात्र भारताबाहेर घडले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज (कार. १८६६–७०) इंग्लंडचा दौरा आटोपून परतत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन हिंदू पद्धतीने झाले. त्या जागी १८७४ मध्ये स्मारक पूर्ण झाले. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट या वास्तुविशारदाचा. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा त्यानेच योजिला. छत्रीखाली पादुकांच्या जागी चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराने घडविलेला राजाराम महाराजांचा रंगीत अर्धपुतळा बसविण्यात आला. छत्री मराठी, पुतळा युरोपीय, अशी ही जोड आहे. फ्लॉरेन्सचे लोक या जागेला ‘इंदियानो’ म्हणतात आणि शेजारी १९७० नंतरच्या दशकात बांधलेला मोठा पूलही त्याच नावाने ओळखला जातो. कोल्हापूर हे नाव तेथील किती जणांस ठाऊक असेल, हा प्रश्न वेगळा.

येथे युरोपातील राजस्मारकांची थोडी तुलना उद्बोधक ठरेल, कारण एकोणिसाव्या शतकात भारतात आलेली पुतळ्याची प्रथा तिकडूनच आली. इंग्लंड जिंकणारा नॉर्मन राजा पहिला विल्यम (कार. १०६६–८७) याचे दफन नॉर्मंडीतील काँ शहरी त्यानेच स्थापिलेल्या मठात झाले. १५६२ च्या धर्मयुद्धात कबर फोडली गेली व अस्थी विखुरल्या. एक मांडीचे हाड तेवढे राहिले, असे सांगतात. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात नवी कबरही उद्ध्वस्त झाली आणि आज तेथे लेख कोरलेली साधी शिळा आहे. त्याचा भव्य अश्वारूढ पुतळा लुई रोशे याने घडविला व तो १८५१ मध्ये फालेझ या त्याच्या जन्मगावी उभा राहिला, म्हणजे मृत्यूनंतर साडेसातशेहून अधिक वर्षांनी. त्याचा पुत्र दुसरा विल्यम ११०० मध्ये इंग्लंडमधील न्यू फॉरेस्ट या राजरानात शिकारीत बाण लागून मेला. त्या घटनेची म्हणून मानली जाणारी जागा दाखविणारा दगड १७४५ मध्ये बसविण्यात आला आणि येणारेजाणारे त्याचे तुकडे पाडीत असल्यामुळे १८४१ मध्ये त्यावर लोखंडी आवरण घालावे लागले. प्रजेच्या रोषास पात्र झालेल्या या राजाचे स्मारक म्हणजे त्याच्या मृत्यूची खूण होय. या दोन्ही उदाहरणांत राजा व त्याचे स्मारक यांच्यामध्ये शतकांची पोकळी आहे. स्मरण मध्येच तुटले व नंतरच्या काळाने आपल्या गरजेसाठी ते नव्याने जोडले. शिवाजी महाराजांच्या बाबतीत रायगड काही काळ उपेक्षित झाला खरा. परंतु कोल्हापूर व सातारा येथील देवघरांत आणि शाहिरांच्या पोवाड्यांत ते स्मरण खंडित झालेले नव्हते.

रायगडाच्या उपेक्षेची हकीकत येथे थोडक्यात द्यावयास हवी. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतल्यावर तेथील वस्ती उठली आणि समाधी झाडाझुडपांत बुडाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवरील पोवाडा प्रसिद्ध केला. जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने १८८३ च्या आपल्या मुंबईविषयक ग्रंथात समाधीच्या दुर्दशेबद्दल मराठी सरदारांना बोल लावला. त्यानंतर सरकारने डागडुजीसाठी वार्षिक पाच रुपये मंजूर केले. ही रक्कम पुढे दीर्घकाळ उपहासाचा विषय झाली. लोकमान्य टिळकांनी १८९५ मध्ये केसरीतून निधीची मोहीम उघडली आणि पुढील वर्षी गडावर उत्सव झाला. समाधीवरील सध्याचे बांधकाम विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात झाले.

या चळवळीचे कोल्हापूरशी असलेले नाते सरळ नव्हते. १८९४ मध्ये राज्याधिकार हाती घेतलेल्या छत्रपती शाहू महाराजांचा (१८७४–१९२२) आपल्या पूर्वजाच्या स्मारकास विरोध असण्याचे कारण नव्हते. परंतु १८९९ पासून कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण पेटले. राजघराण्यातील धार्मिक कृत्ये वेदोक्त मंत्रांनी करण्यास राजोपाध्यांनी नकार दिला आणि टिळकांसह पुण्यातील बराच ब्राह्मण वर्ग शाहू महाराजांच्या विरुद्ध बाजूस गेला. वादाच्या मुळाशी जो प्रश्न होता, तोच १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी उपस्थित झाला होता आणि गागाभट्टांनी तो महाराजांच्या बाजूने सोडविला होता. ज्या राजाचा उत्सव करावयाचा, त्याच्या वंशजाला त्याच राजाचा अधिकार नाकारावयाचा, ही विसंगती शाहू महाराजांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. यापुढे शिवस्मारक म्हणजे केवळ दगड व धातू यांचा प्रश्न राहिला नाही. महाराज गोब्राह्मणप्रतिपालक, की रयतेचे व बहुजनांचे राजे, हा वाद स्मारकाच्या प्रत्येक योजनेत कधी उघडपणे, कधी आडून शिरत राहिला. कोल्हापुरात त्याचे उत्तर जवळजवळ एकमुखाने दुसऱ्या बाजूचे होते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात पुण्यात अखिल भारतीय स्वरूपाचे शिवस्मारक उभारण्याची जी योजना १९१७ पासून आकारास आली, तिचे एक प्रमुख सूत्रधार शाहू महाराज होते. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांचेही तिला मोठे साहाय्य होते. स्मारकाचा पाया १९ नोव्हेंबर १९२१ रोजी पुण्याजवळील भांबुर्डे येथे इंग्लंडचे युवराज प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते घालण्यात आला. युवराजांच्या दौऱ्यावर काँग्रेसने बहिष्कार घातला होता आणि दोनच दिवसांपूर्वी मुंबईत त्यावरून दंगली उसळल्या होत्या. स्वराज्यसंस्थापकाच्या स्मारकाची कोनशिला परकीय राजपुत्राकडून बसवून घेण्यावर टीका झाली आणि ती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. संस्थानिकांच्या बाजूनेही काही बोलण्यासारखे आहे. ज्या सरकारने गेल्याच पिढीत शिवाजी उत्सवातील भाषणे व लेखन राजद्रोहात मोडीत काढले, त्याच सरकारच्या भावी राजाकडून शिवाजी महाराजांना जाहीर मानवंदना मिळवून देणे हा त्यांच्या दृष्टीने मुत्सद्देगिरीचा विजय होता. शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत निवर्तले, माधवराव शिंदे १९२५ मध्ये, आणि काम शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज (कार. १९२२–४०) यांच्यावर येऊन पडले.

पुतळा घडविण्याचे काम अलिबागजवळच्या सासवणे गावचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांनी केले. एवढा मोठा अश्वारूढ पुतळा एकसंध ओतण्याचे धाडस तोवर येथील शिल्पकारांनी फारसे केलेले नव्हते. अशी कामे विलायतेहून करवून आणण्याची चाल होती. करमरकरांच्या पुतळ्यात घोडा चालीवर आहे, स्वार सावध परंतु शांत आहे आणि आवेशाचा भडकपणा कोठेही नाही. नंतरच्या अनेक अश्वारूढ पुतळ्यांशी तुलना करता त्याचा हा संयमच डोळ्यांत भरतो. हा पुतळा १६ जून १९२८ रोजी अनावृत झाला. त्याच्या आवारात १९३२ पासून श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल चालू आहे आणि भांबुर्ड्याचे नावही शिवाजीनगर असे झाले.

पुतळ्यातील चेहरा कोठून घ्यावा, हा प्रश्न शिल्पकारांपुढे असे. त्या काळी शिवाजी महाराजांचे म्हणून जे एक चित्र सर्रास छापले जात असे, ते वस्तुतः दुसऱ्याच एका सरदाराचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये डच साधनांतील समकालीन धाटणीचे चित्र उजेडात आणल्यानंतर ही चूक हटली. पुण्याचा पुतळा त्यापूर्वीचा. कोल्हापूरचा पुढे वर्णिलेला पुतळा त्यानंतरचा.

पुण्याच्या पुतळ्याचे अनावरण ज्यांनी केले, ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन (कार. १९२३–२८). त्याच महिन्यांत बार्डोलीचा सत्याग्रह ऐन भरात होता आणि शेतसाऱ्याच्या प्रश्नावर याच गव्हर्नरांना अखेर तडजोड करावी लागली. कोल्हापूर संस्थानाने विल्सन यांचाही एक पुतळा शहराच्या मध्यवर्ती चौकात उभा केला होता. संस्थानिकांनी गव्हर्नर वा रेसिडेंट यांच्या नावे पूल, बाजार, दवाखाने बांधावेत, असा तो काळ होता. त्यात नवल काही नव्हते. १९४२ च्या ‘छोडो भारत’ चळवळीत मात्र हा पुतळा शहरातील परसत्तेची सर्वांत ठळक खूण ठरला. जयाबाई हाविरे व भागीरथीबाई तांबट या दोन स्त्रियांनी त्याच्यावर हल्ला करून तो विद्रूप केला. पहारा बसविला गेला, पण उपयोग झाला नाही. १९४३ मध्ये तरुण क्रांतिकारकांनी त्याची मोडतोड केली आणि तो काढून घेणे भाग पडले. या कृत्यात संस्थानच्या अधिकाराला आव्हान होते, हे विसरता कामा नये. कोल्हापुरात प्रजा परिषदेची जबाबदार राज्यपद्धतीची मागणी याच काळात जोर धरीत होती आणि राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तल्यामुळे गादीवर अज्ञान दत्तक वारस होता.

रिकामा चबुतरा फार दिवस तसाच राहिला असता, तर त्यावर सरकार दुसरा पुतळा बसविण्याची शक्यता होती. चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांनी पुढाकार घेऊन तेथे शिवाजी महाराजांचा पुतळा बसविण्याचे ठरविले व त्याचे काम बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्याकडे सोपविले. पुतळा अतिशय थोड्या दिवसांत तयार झाला आणि १९४५ मध्ये, म्हणजे ब्रिटिश सत्ता अद्याप जागेवर असतानाच, त्या चौकात उभा राहिला. सतरा वर्षांपूर्वी ज्या गव्हर्नरांच्या हातून पुण्यात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावरील पडदा दूर झाला, त्यांच्याच पुतळ्याच्या जागी कोल्हापुरात शिवाजी महाराज आले. एक स्मारक सत्ताधाऱ्यांच्या संमतीने व समारंभाने, दुसरे त्यांना न जुमानता, असा हा फरक आहे. कोल्हापूरच्या चौकास तेव्हापासून शिवाजी चौक म्हणतात. शहरातील मिरवणुका, सभा, मोर्चे, खेळाच्या विजयाचा जल्लोष यांना आजही तीच जागा लागते.

हा पुतळा चित्रपट व्यवसायातील मंडळींनी केला, हा योगायोग नव्हे. कोल्हापुरातील आधुनिक शिल्पकलेचा उगम कलाशाळेत झालेला नाही. नाटकाचे पडदे रंगविणारे, लाकडावर कोरीव काम करणारे, यंत्रे दुरुस्त करणारे मेस्त्री यांच्या कारखान्यांत तो झाला. बाबूराव पेंटर यांचे आडनाव मेस्त्रीच. ज्या हातांनी त्यांनी कॅमेरा बनविला, सिंहगड (१९२३) या मूकपटासाठी किल्ल्याचे देखावे उभे केले, त्याच हातांनी चिकणमातीचे नमुनेही घडविले. शिवाजी महाराजांचा पोशाख, शस्त्रे, बसण्याची ढब यांचा अभ्यास या मंडळींनी चित्रपटांसाठी केलेला होता. त्यामुळे एकीकडे पुतळ्यात जिवंतपणा आला; दुसरीकडे पडद्यावरील नायक आणि इतिहासातील राजा यांच्या प्रतिमा परस्परांत मिसळून गेल्या. भालजींचा छत्रपती शिवाजी हा बोलपट १९५२ चा. पुढच्या पिढीने महाराजांचे जे रूप डोळ्यांपुढे आणले, त्यात या बोलपटाचा वाटा पुतळ्यांइतकाच आहे.

शिवाजी पेठेतील निवृत्ती चौकातला अर्धपुतळा ‘अर्धा शिवाजी’ या घरगुती नावाने ओळखला जातो. या नावात अनादर नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ते उपयोगी पडते आणि पेठेतील माणसाला त्यात आपलेपणा वाटतो. शिवजयंतीच्या दिवशी पेठांची स्पर्धा येथूनच सुरू होते. राज्य शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख मान्य केली असली, तरी कोल्हापुरातील जुन्या तालमी व मंडळे वैशाखातील पारंपरिक तिथीसही उत्सव करतात. रजपूतवाडी, वाशी, कळंबा अशा जवळच्या खेड्यांतून किंवा दूरच्या तालुक्यांतून पन्हाळ्यावर येऊन मशाल पेटवावयाची व ती धावत आपल्या गावी न्यावयाची, हीदेखील एक प्रथा पडली आहे. ती जुनी नाही. परंतु स्मारक केवळ पाहण्यासाठी नसते, ही जाणीव तीत आहे.

शाहू महाराजांच्या आवडीच्या नर्सरी बागेत शिवाजी महाराज व महाराणी ताराबाई यांची मंदिरे आहेत. शाहू महाराजांचे समाधिस्मारकही तेथेच २०२० मध्ये झाले. कोल्हापूरच्या गादीची मूळ संस्थापक ताराबाई. तेव्हा तिचे मंदिर शिवाजी महाराजांच्या मंदिराशेजारी असणे स्वाभाविक आहे. शहराच्या पूर्वेस कावळा नाक्यावरील तिचा अश्वारूढ पुतळा शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांचा असून, सगळा भार पेलून झेप घेणारा त्याचा घोडा हा येथील धातुशिल्पाचा एक उत्कृष्ट नमुना मानला जातो.

बिंदू चौकात डिसेंबर १९५० मध्ये महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभारले गेले, डॉ. आंबेडकरांच्या हयातीतच त्यांचा पुतळा उभारणारे शहर म्हणून कोल्हापूरचा उल्लेख होतो. यामागे भाई माधवराव बागल यांची प्रेरणा होती. शिवाजी चौक, बिंदू चौक व शाहू महाराजांच्या पुतळ्याचा दसरा चौक ही तीन ठिकाणे एकमेकांपासून पायी चालण्याच्या अंतरावर आहेत. शिवाजी महाराजांचा अर्थ कोल्हापूरने कोणत्या परंपरेत लावला, हे त्या फेरफटक्यात ग्रंथांवाचून समजते.

स्मारक म्हणून संस्था उभारण्याची कल्पना शाहू महाराजांची. त्यांच्या वसतिगृहांचा व शिक्षणप्रसाराचा वारसा पुढे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात दिसून येतो. दक्षिण महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांतील मुलांना पुण्या-मुंबईस न जाता पदवी मिळण्याची सोय या विद्यापीठाने केली. प्रशासकीय इमारतीसमोरील अश्वारूढ पुतळा पुण्याचे शिल्पकार बी. आर. खेडकर यांनी घडविला असून तो १९७४ मध्ये, राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, बसविण्यात आला. मोकळे माळरान, मागे दगडी इमारत आणि पुढे लांबवर उतरत जाणारी जमीन यांमुळे या पुतळ्यास जी जागा लाभली, तशी शहरातील कोणत्याही पुतळ्यास लाभलेली नाही. चांगल्या पुतळ्याचे निम्मे यश जागेत असते.

पन्हाळ्यावरील स्मारकांचा प्रकार निराळा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात महत्त्वास चढलेला हा किल्ला महाराजांनी नोव्हेंबर १६५९ मध्ये घेतला. पुढील वर्षी सिद्दी जौहरच्या वेढ्यातून १२ जुलै १६६० च्या रात्री ते निसटले. या प्रसंगात महाराजांच्या वेषात पालखीत बसून शत्रूस चकविणारा शिवा काशीद हा पायथ्याच्या नेबापूरचा, जातीने नाभिक. घोडखिंड अडवून धरणारे बाजीप्रभू देशपांडे हे मावळातील कायस्थ प्रभू. दोघेही मारले गेले. त्यांचे पुतळे व समाध्या पन्हाळा–विशाळगड परिसरात आहेत. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी येथे २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सहा सोबत्यांसह प्राण देणारे सरनौबत प्रतापराव गुजर यांचे स्मारक आहे. राजाच्या नावाने ज्यांनी मृत्यू पत्करला, त्यांची स्मारके राजाच्या स्मारकांहून उशिरा झाली, ही गोष्ट सर्वच देशांत आढळते. परंतु एकदा झाल्यावर लोक त्यांच्याकडे अधिक ओढीने जातात. पावनखिंडीची पायवाट दर पावसाळ्यात हजारो तरुण तुडवितात. पुतळ्यापेक्षा ती चिखलाची वाटच खरे स्मारक आहे, असे त्यांच्यापैकी अनेकांस वाटते.

स्वातंत्र्योत्तर काळात स्मारकाचा पुढाकार शासनाकडे गेला. प्रतापगडावरील पुतळ्याचे अनावरण ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी केले, त्या वेळी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी त्यांच्याविरुद्ध प्रचंड निदर्शने झाली. मुंबईत गेट वे ऑफ इंडियासमोर २६ जानेवारी १९६१ रोजी पुतळा उभा राहिला. त्यानंतर उंचीची स्पर्धा सुरू झाली. अरबी समुद्रातील नियोजित स्मारकाचे जलपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणामुळे २०१९ च्या आरंभी त्याचे काम थांबले. मालवणच्या राजकोट किल्ल्यात ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावृत झालेला पस्तीस फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिन्यांच्या आत, कोसळला. महाराष्ट्रभर संताप उसळला आणि शासनास माफी मागावी लागली. त्या जागी शिल्पकार राम सुतार यांनी घडविलेला सु. साठ फूट उंचीचा नवा पुतळा मे २०२५ मध्ये उभा राहिला. राजकोटाच्या तटावरून समोर समुद्रात सिंधुदुर्ग दिसतो. तेथील शिवराजेश्वराचे छोटे मंदिर तीनशेहून अधिक पावसाळे सोसून उभे आहे. ते कोणा निविदेने बांधलेले नव्हते आणि त्याची उंचीही कोणी विचारीत नाही.

रायगडावरील समाधीजवळच्या वाघ्या कुत्र्याच्या स्मारकाबाबत कोल्हापूरच्या राजघराण्यातील संभाजीराजे छत्रपती यांनी २०२५ मध्ये उपस्थित केलेला प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. हे शिल्प १९३६ मध्ये बसविले गेले. समकालीन कागदपत्रांत या कुत्र्याचा उल्लेख नाही. तो नाटकांतून व दंतकथांतून आलेला दिसतो. शिल्पासाठी देणगी इंदूरच्या होळकर घराण्याची असल्यामुळे ते हटविण्याच्या मागणीस धनगर समाजातून विरोध झाला. ऐतिहासिक सत्य आणि एखाद्या समाजाची स्मारकाशी जडलेली अस्मिता यांपैकी कशास मान द्यावा, याचा निर्णय इतिहासकाराला एकट्याने देता येत नाही. तथापि इतिहासात ज्याला आधार नाही, त्याचा निराधारपणा फलकावर नोंदविण्यास कोणाचा प्रत्यवाय असू नये.

युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत रायगड, प्रतापगड व सिंधुदुर्ग यांच्याबरोबर पन्हाळाही आहे. बाकीचे बहुतेक किल्ले ओसाड आहेत. पन्हाळ्यावर मात्र नगरपरिषद, शाळा, बाजार व पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत. वारसास्थळाच्या नियमांमुळे घराची भिंत दुरुस्त करण्यासही परवानगी लागेल काय, अशी धास्ती तेथील रहिवाशांनी नामांकनाच्या वेळीच व्यक्त केली होती. त्या घरांपैकी काहींचे जोते जुन्या तटबंदीच्या दगडांचे आहे.